एफवनच्या (फॉर्म्युला वन कार रेसच्या) कॅलेंडरवर कुठली सर्किट ठेवायची आणि कुठली काढायची?

सातवा_गिअर

मंडळी, आमच्या रेस बघणाऱ्या ग्रुपमधे सध्या जोरात भांडण लागलंय म्हणून इथे विचारतो. ठरलं असं की प्रत्येकाने आपापलं २४ रेसचं कॅलेंडर बनवायचं, एका देशाला जास्तीत जास्त दोन रेस, आणि जे सर्किट काढाल त्याचं कारण द्यायचं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, पण स्पा, सुझुका, सिल्व्हरस्टोन, मॉन्झा, इंटरलागोस एवढी पाच लिहिली आणि तिथेच अडकलो, कारण पुढच्या प्रत्येक नावावर कोणीतरी हरकत घेतोच.

एक मेंबर म्हणतो मोनॅको काढा, तिथे रेस नसते मिरवणूक असते. दुसरा म्हणतो मोनॅको काढलं तर मी ग्रुप सोडतो. तिसऱ्याला आखाती देशातल्या चारही रेस नकोत, बहारीन पण नको, जे मला अजिबात पटत नाही कारण बहारीनला ओव्हरटेकिंग मस्त होतं. आणि माझं स्वतःचं दुखणं असं की जर्मनीत एकही रेस नाही, फ्रान्समधे नाही, आख्ख्या आफ्रिकेत १९९३ च्या क्यालामीनंतर नाही, आणि २०२६ च्या कॅलेंडरवर स्पेनमधे मात्र दोन, बार्सिलोना पण आणि नवीन माद्रिद पण. इमोला गेलं ते गेलंच.

तर प्रश्न असा की सर्किट कॅलेंडरवर असावं की नाही हे ठरवायचा निकष काय असायला हवा? ट्रॅक चांगला असणं, इतिहास, प्रेक्षक, का अजून काही? प्लीज नुसतं "मला आवडतं" असं लिहू नका, कारण द्या.

पिटवॉल

निकष एकच आहे, आणि तुमच्या ग्रुपला तो आवडणार नाही. फी कोण भरतंय.

मंगल कार्यालयाची तारीख जशी आधी अॅडव्हान्स भरणाऱ्याला मिळते तसं आहे हे, नवरा-नवरी कशी दिसतात हे कार्यालयवाला बघत नाही. एफवनची कमाई मुख्यतः तीन ठिकाणाहून येते, रेस भरवणाऱ्यांची (प्रमोटरची) होस्टिंग फी, टीव्हीचे हक्क आणि स्पॉन्सर. यातली पहिली रक्कम जिथे सरकार मागे उभं असतं तिथून सहज मिळते. कतार, सौदी, अबू धाबी, बाकू, सगळीकडे हेच. जिथे प्रमोटर स्वतःच्या तिकीटविक्रीवर जगतो तिथे दर कराराला गळ्याशी येतं. सिल्व्हरस्टोनचा प्रेक्षक बघा, वीकेंडला साडेचार लाखाच्या वर माणूस जमतं म्हणून ते टिकलेत आणि २०३४ पर्यंत करार करू शकलेत. जर्मनीत तेवढं जमलं नाही, हॉकेनहाइम २०१९ ला शेवटचं झालं, २०२० ला कोविडमुळे नूरबुर्गरिंगला एक रेस मिळाली तीही जर्मन ग्रां प्री म्हणून नव्हे तर आयफेल ग्रां प्री म्हणून. शूमाकर आणि फेटेलच्या देशाची ही गत, बोला आता.

आणि एक अपवाद लक्षात ठेवा. लास वेगासला एफवन स्वतःच प्रमोटर आहे. म्हणजे फी घेणारा आणि देणारा एकच. ती रेस ट्रॅकसाठी नाही, अमेरिकेतल्या धंद्यासाठी आहे. २०२३ ला पहिलीच प्रॅक्टिस दहा मिनिटं पण चालली नाही, रस्त्यातलं एक झाकण उचकटून ड्रायव्हर सैन्झच्या फेरारीचा तळ फाटला, तरी रेस कॅलेंडरवर आहेच.

नळस्टॉप_ते_नूरबुर्गरिंग

पिटवॉल भाऊ, पैशाचं मान्य, पण मग मोनॅको कसं काय? तिथली फी तर वर्षानुवर्षं इतरांपेक्षा कमी होती हे सगळ्यांना माहितीये, टीव्हीचं प्रक्षेपण सुद्धा २०२२ पर्यंत त्यांचं स्वतःचंच असायचं. तरी आता २०३५ पर्यंत करार मिळाला. म्हणजे नाव असलं की पैसा थोडा मागे सरतो.

माझं मत मोनॅको ठेवा. हो, रेस बोअर होते. २०२४ ला पहिल्या लॅपला अपघात, रेड फ्लॅग म्हणजे रेस थांबली, सगळ्यांनी तिथेच टायर बदलून घेतले आणि पहिले दहा जण जसे सुटले त्याच क्रमाने पोचले. मग २०२५ ला दोन पिटस्टॉप (टायर बदलायला थांबणं) सक्तीचे केले तर रेसिंग बुल्स आणि विल्यम्स टीमच्या पोरांनी मुद्दाम हळू चालवून मागची रांग अडवली, पुढे आपला टीममेट आरामात पिट करून बाहेर. रसेलला इतका वैताग आला की त्याने शिकेन (वेग कमी करायला लावणारी जोडवळणं) कापून ओव्हरटेक केलं, जागा परत दिली नाही आणि पेनल्टी खाल्ली.

पण दोष सर्किटचा नाही हो, गाड्या फुगल्यात. २०१७ पासून दोन मीटर रुंद. २०२६ च्या नियमात दहा सेंटीमीटर कमी केलेत आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) पण वीस सेंटीमीटरने आखूड केलाय, त्याने मोनॅकोत चमत्कार होईल असं मला वाटत नाही, पण शनिवारची क्वालिफाइंग (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारी) बघा आणि मग सांगा काढायचं का. ३.३३७ किलोमीटरची लॅप, स्विमिंग पूलच्या शिकेनला पुढचं चाक कठड्याच्या इतकं जवळ की कॅमेऱ्याला फट दिसत नाही. तो एक तास बाकी कुठल्याही सर्किटवर मिळत नाही. इथे रेसचं अंतरही २६० च आहे, बाकी सगळीकडे ३०५ किलोमीटर लागतं, म्हणजे नियमानेच मान्य केलंय की हे प्रकरण वेगळं आहे.

आइंडहोवनकर

झांडवूर्टबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी नेदरलँडमधे राहतो आणि तिथे जाऊन रेस बघितलेली आहे.

पिटवॉल म्हणतात तसं प्रेक्षक असले की टिकतं, तर ते तितकं सरळ नाही. झांडवूर्ट २०२१ ला ३६ वर्षांनी परत आलं, रोज लाखभर माणूस, स्टँड फुल. अॅमस्टरडॅमहून ट्रेनने अर्धा तास, रेसच्या दिवशी पाच-पाच मिनिटाला गाडी, आणि स्टेशनातून उतरलं की वाळूच्या टेकड्यांतून चालत सर्किट. पार्किंग जवळजवळ नाहीच, अर्धी जनता सायकलवर. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, साधारण पंच्याहत्तरचे, १९८५ च्या रेसचं तिकीट प्लास्टिकमधे घालून आणलेलं, आणि शेजारच्या पोराला सांगत होते की तेव्हा इथे बँकिंग नव्हतं. आता तिसऱ्या आणि शेवटच्या वळणाला रस्ता चांगलाच कलता केलाय, टीव्हीवर कळत नाही, समोर उभं राहिलं की गाडी भिंतीवरून आल्यासारखी वाटते.

आणि हे सगळं असून २०२६ नंतर बंद. कुणी हाकललेलं नाही, प्रमोटरनेच ठरवलं. सरकारी पैसा नाही, खाजगी लोक चालवतात, एका वर्षी पावसाने किंवा व्हर्स्टापेन निवृत्त झाल्याने तिकिटं पडली तर तोटा कोण भरणार, त्यापेक्षा हाऊसफुल असताना थांबलेलं बरं. मला हा सगळ्यात प्रामाणिक निर्णय वाटला. वाईटही वाटलं.

म्हणून तुमच्या यादीत मी झांडवूर्ट ठेवीन, पण दरवर्षी नाही. स्पाचं आता तसंच केलंय ना, २०२६, २७, २९ आणि ३१, मधली दोन वर्षं सुट्टी. रोटेशन हा उपाय युरोपच्या सर्किटना सन्मानाने जगवू शकतो.

सातवा_गिअर

स्पा आड वर्षाने? ग्रुपमधे हे टाकलं तर मला मारतील. पण रोटेशनचा मुद्दा पटला, म्हणजे आमच्या २४ च्या नियमात "अर्धी रेस" चालेल का विचारतो.

बाकी कोणी नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटबद्दल बोलेल का? आपल्याकडचं म्हणून नाही, खरंच निकषात बसतं का ते.

मिसळ_आणि_मॅक्लारेन

बुद्धला मी २०११ ला गेले होते, ठाण्याहून आम्ही चौघं. त्या शुक्रवारी ट्रॅकवर कुत्रं शिरलं म्हणून प्रॅक्टिस थांबवली हे पेपरात आलं होतं, ते आम्ही समोर पाहिलं, लोक टाळ्या वाजवत होते आणि बिचारं सैरावैरा पळत होतं. धूळ इतकी की संध्याकाळी हॉटेलवर पांढरा रुमाल ओला करून तोंड पुसलं तर तो खाकी झाला. पण ट्रॅक, काय ट्रॅक होता! चढ-उतार खरे, लांबलचक मागची स्ट्रेट, आणि दहा-अकरा-बाराचं ते न संपणारं उजवं वळण. ड्रायव्हर लोक मनापासून कौतुक करत होते. नारायण कार्तिकेयन एचआरटी टीमच्या गाडीत आला की आमच्या स्टँडचा आवाज फेटेलपेक्षा जास्त.

म्हणजे ट्रॅक चांगला असणं हा निकष असता तर ती रेस गेलीच नसती. तीन रेस झाल्या, २०११, १२, १३, तिन्ही फेटेलने जिंकल्या, २०१३ ला तिथेच त्याचं चौथं जेतेपद. मग काय? उत्तर प्रदेश सरकारने याला खेळ न मानता करमणूक धरलं, करमणूक कर लागला, टीमच्या सामानावर कस्टमची कटकट, वर इन्कम टॅक्स. तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०१७ ला निकाल एफवनच्या विरोधात, की तीन दिवस का असेना पण सर्किट म्हणजे तुमचं भारतातलं कायम ठाणं आहे आणि इथल्या कमाईवर कर द्या. प्रमोटर कंपनी तोवर कर्जात, नंतर जमिनीचा वाद कोर्टात. २०२३ ला मोटोजीपी (बाइकची रेस) आलं, बेझ्झेकी जिंकला, ते पण एकदाच.

माझ्यामते तुमच्या निकषात हे सगळ्यात वर हवं, की सरकार बदललं तरी रेस होईल का? हैदराबादला फॉर्म्युला ई (इलेक्ट्रिक गाड्यांची रेस) २०२३ ला हुसेनसागरच्या काठाने झाली, सरकार बदललं, २०२४ ची रद्द. हनोईत तर एफवनचा ट्रॅक बांधून तयार होता, एकही रेस झाली नाही.

एक_इंजिनिअर

वर सगळे पैशावर आणि राजकारणावर बोलले, बरोबर आहे, पण ट्रॅकचा संबंधच नाही असं नाही. ट्रॅक तुम्हाला आत घेत नाही, पण बाहेर मात्र ठेवू शकतो. एफआयए या जागतिक संघटनेचं ग्रेड वन प्रमाणपत्र लागतं. रनऑफ (ट्रॅकबाहेरची मोकळी जागा) किती, कठडे कुठल्या प्रकारचे, पिट बिल्डिंग, मेडिकल सेंटर, आणि हेलिकॉप्टर. शेवटचं लोक विसरतात. २०२० च्या त्या आयफेल रेसला शुक्रवारच्या दोन्ही प्रॅक्टिस धुक्यामुळे रद्द झाल्या, ट्रॅक ठीक होता, फक्त मेडिकल हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. म्हणून कोणी गंमतीत "माथेरानला ट्रॅक काढा" म्हणतं तेव्हा मला आधी जुलैमधलं धुकं दिसतं.

सुरक्षेच्या नावाखाली सगळीकडे डांबराचा रनऑफ केला त्याचे भोग पण आहेत. ऑस्ट्रियाला २०२३ मधे रेस कंट्रोलला ट्रॅक लिमिटच्या (गाडी ट्रॅकच्या रेषेबाहेर जाण्याच्या) बाराशेपेक्षा जास्त घटना तपासाव्या लागल्या, निकाल रेस संपून कित्येक तासांनी बदलत राहिला. पुढच्या वर्षी शेवटच्या दोन वळणांना कर्बबाहेर खडी टाकली, प्रश्न संपला. खडीत गेलं की वेळ जातो, कोणाला व्हिडिओ बघायला लागत नाही. तुमच्या यादीत "चूक केली तर शिक्षा जमीनच देते" असा एक कॉलम करा. सुझुकाला पैकीच्या पैकी, माझ्यालेखी जेद्दालाही, कारण तिथे भिंत आहे. फक्त भिंतीजवळ तो वेग बघून माझा रविवार टेन्शनमधे जातो.

चहा_साडेसहाचा

मी एक फालतू निकष देतो, पण आपल्याकडे सगळे मनातून हाच लावतात. वेळ. युरोपची रेस साडेसहाला, चहा-भजी घेऊन बसता येतं. सिंगापूर साडेपाच. सुझुका सकाळी साडेदहा, पोहे. ऑस्टिन रात्री साडेबारा, म्हणजे सोमवारी ऑफिसात मेलेला माणूस. म्हणून अमेरिकेच्या तीनपैकी एक ठेवा, तुमचा दोनचा नियम पण ढिला वाटतो मला.

सिंगापूरची_सून

सिंगापूर नाव निघालं म्हणून. इथे रेस होते तेव्हा पडांग मैदानाच्या आजूबाजूचे रस्ते किती आधीपासून कठड्यांनी आवळायला घेतात ते ऑफिसला जाताना दिसतं, बसचे मार्ग बदलतात, टॅक्सीवाले कावलेले. तरी शहर सहन करतं कारण सरकार निम्म्याहून जास्त खर्च उचलतं आणि त्या आठवड्यात हॉटेलं तुडुंब भरतात. २०२३ ला लॅप छोटी केली, ४.९४ किलोमीटर, चार वळणं कमी, म्हणून आता थोडं तरी ओव्हरटेकिंग. २०२४ ला पहिल्यांदाच इथे एकदाही सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना हळू करणारी गाडी) न येता रेस झाली, आणि शेजारी बसलेले काका नाराज, म्हणे पैसे वसूल नाही झाले.

पण मला विचाराल तर शेजारचं सेपांग परत आणावं. १९९९ ते २०१७ होतं. रुंद ट्रॅक, दोन लांब स्ट्रेट पाठीला पाठ लावून, दुपारी हमखास पाऊस. खर्च झेपेना आणि तिकिटं खपेनात म्हणून मलेशियाने स्वतःच सोडलं. मोटोजीपी अजून तिथेच भरतं, म्हणजे ट्रॅक नांदता आहे, हनोईसारखा पडीक नाही.

पिटवॉल

सेपांगला माझंही मत, वहिनी. फक्त कुठल्या महिन्यात बसवणार ते सांगा. सामानाचा विचार सगळ्यात शेवटी करतात आणि तिथेच कॅलेंडर फसतं. २०२३ ला लास वेगास संपवून पुढच्याच आठवड्यात अबू धाबी, बारा तासांचा टाइमझोन फरक, मेकॅनिक लोक झोपले कधी देव जाणे. असले हेलपाटे कमी करायलाच जपान २०२४ ला एप्रिलमधे हलवलं, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या जवळपास. कॅनडा मे महिन्यात आणून मायामीला जोडलं. सेपांग म्हणजे सिंगापूरला लागून, सप्टेंबर-ऑक्टोबर.

सातवा_गिअर

ठीक, मग माझी यादी अशी चाललीये. अमेरिकेत ऑस्टिन आणि मायामी, वेगास बाहेर. कतार बाहेर, बहारीन आत. माद्रिद बाहेर, बार्सिलोना आत, निदान एकदा माद्रिदची रेस बघेपर्यंत तरी. सिंगापूरनंतर लगेच सेपांग. झांडवूर्ट आणि हॉकेनहाइम आड वर्षाने एकाच जागेवर. मोनॅको ठेवतोय, ग्रुप टिकायला हवा.

बुद्ध लिहून दोनदा खोडलंय. मिसळताई, तुम्ही सांगा, ठेवू का? कर कोण भरणार हे ग्रुपवाले विचारणार हे धरूनच उत्तर द्या.

मिसळ_आणि_मॅक्लारेन

राखीव म्हणून खाली लिहा, पंचविसावं. आणि धूळ झाडायला दोन आठवडे आधी माणसं पाठवायची असंही कंसात टाका.