फौंड्रीच्या टाकाऊ वाळूवरच्या संशोधनाला निधी : कंपन्यांकडे जायचं कसं?

रंकाळा_रसायन
नमस्कार. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. फौंड्रीतून, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून, बाहेर टाकली जाणारी साच्यांची वाळू पेव्हिंग ब्लॉकमध्ये किती टक्क्यांपर्यंत वापरता येईल आणि त्यातून पाण्यात काय उतरतं, असा दोन वर्षांचा प्रकल्प आहे. खर्च अंदाजे १८ लाख. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांकडून सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्चायचा निधी, मागावा, असा विचार आहे. सहकारी साखर कारखाने, दूध संघ यांच्याकडे प्रयत्न करावा का? आणि परदेशी फाउंडेशनचं काय?

लेखा_शाहूपुरी
मॅडम, पत्र कुणाच्या नावाने जाणार हे आधी ठरवा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

सीएसआरची सक्ती कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून येते. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक आकडा गाठलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, त्याला हे कलम लागू नाही. तिथे मिळालं तर संचालक मंडळाच्या मर्जीने, देणगी म्हणून. एमआयडीसीतल्या बऱ्याच फौंड्र्या भागीदारीत आहेत, म्हणजे कंपनीच नाहीत, किंवा छोट्या प्रायव्हेट लिमिटेड आहेत, त्यांचा नफा ५ कोटींच्या आत राहतो. म्हणून पन्नास पत्रं वाटू नका. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हा निवडून इथे खर्च करणाऱ्या कंपन्या काढा आणि त्यांनी मागे कशावर पैसे दिले ते वाचा.

खरी अडचण पुढे आहे. सीएसआर कशावर खर्चता येतो याची यादी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये आहे. तिच्या नवव्या बाबीत सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं आहेत, संलग्न महाविद्यालयं नाहीत. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संशोधन प्रकल्पाला थेट पैसे देता येतात, पण त्या प्रकल्पाला केंद्र किंवा राज्य सरकारचं, त्यांच्या एखाद्या संस्थेचं किंवा सार्वजनिक उपक्रमाचं अनुदान असेल तरच. त्यामुळे तुमच्यापुढे तीन वाटा उरतात. विद्यापीठाच्या विभागातल्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक करून तुम्ही सहसंशोधक व्हा. किंवा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगासारख्या सरकारी संस्थेचं छोटं का होईना अनुदान आधी मिळवा, मग सीएसआरचं दार उघडतं. तिसरी वाट त्याच यादीतल्या चौथ्या बाबीची, म्हणजे माती, पाणी, हवा यांचं रक्षण. तिथे नुसतं शीर्षक बदलून भागत नाही. एखाद्या शाळेच्या आवारात ब्लॉक बसवून दाखवण्यासारखं प्रत्यक्ष काम त्यात असावं लागतं.

पैसे संस्थेमार्फत घ्यायचे असतील तर सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी, महाविद्यालय चालवणाऱ्या शिक्षण संस्थेच्या नावाने लागते, महाविद्यालयाच्या नाही. १२ए, ८०जी या धर्मादाय संस्थांच्या आयकर नोंदण्या आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. अर्जावर सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. हे काम मार्चमध्ये काढलं तर वर्ष गेलंच समजा.

वेळेचं म्हणाल तर टिपण डिसेंबर-जानेवारीत द्या, म्हणजे कंपनीच्या पुढच्या वर्षाच्या सीएसआर कृती आराखड्यात बसतं. एका वर्षात न संपणारा प्रकल्प मंजुरीच्या ठरावातच 'चालू प्रकल्प' म्हणून नोंदवून घ्या. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं त्याला मिळतात आणि उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते. तशी नोंद नसेल तर न खर्चलेले पैसे सरकारी निधीत भरावे लागतात आणि तुमचा दुसरा हप्ता बुडतो.

भट्टी_शिरोली
वरचं सगळं बरोबर, पण फौंड्रीच्या वाळूसाठी फौंड्रीकडेच सीएसआर मागणं मला पटत नाही. स्वतःच्या धंद्याच्या नेहमीच्या कामावर केलेला खर्च सीएसआर धरत नाहीत, आणि वाळूची विल्हेवाट हे तिचं रोजचं काम आहे. त्यांच्याकडे प्रायोजित संशोधन म्हणून जा. पाच-सहा फौंड्र्यांनी मिळून थोडे थोडे घातले तरी पुरतं. त्यासाठी गोशिमा, स्मॅक या गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या उद्योजक संघटना किंवा फौंड्रीमेन इन्स्टिट्यूटच्या कोल्हापूर चॅप्टरमध्ये वीस मिनिटं मांडणी करा, एकेका मालकाच्या केबिनमध्ये बसण्यापेक्षा ते बरं.

आणि रोख कमी, वस्तुरूपाने जास्त मागा. वाळू, टेम्पो, मिक्सर, ब्लॉकची ताकद मोजणाऱ्या भारदाब यंत्रावरचा वेळ हे लगेच मिळतं.

मालक कचरतो तो पैशांपेक्षा नमुन्यामुळे. फिनॉल हे घातक रसायन जास्त निघालं आणि अहवालात कंपनीचं नाव आलं तर प्रदूषण मंडळाची नोटीस येईल, ही त्याची धास्ती असते. करारातच लिहा की नमुने क-१, क-२ अशा सांकेतिक नावांनी जातील आणि शोधनिबंध छापण्याआधी मसुदा ३० ते ६० दिवस वाचायला मिळेल. मात्र 'परवानगीशिवाय प्रकाशन नाही' अशा वाक्यावर सही करू नका. विद्यार्थ्याचा प्रबंध अडकतो.

तांत्रिक बाजूही टिपणात दिसू दे. ग्रीन सँड, म्हणजे सिलिका, बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी, वेगळी. रेझिनने बांधलेली कोअरची, म्हणजे साच्याच्या आतल्या गाभ्याची, वाळू वेगळी. ढिगात दोन्ही मिसळलेल्या असतात. तिथून उचललेल्या नमुन्याचे आकडे दर खेपेला बदलतात आणि मग अहवालावर कुणी विश्वास ठेवत नाही. नमुना शेकआउटपाशीच, म्हणजे साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढतात तिथेच, घ्या. ब्लॉकची ताकद आयएस १५६५८ या पेव्हिंग ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे मोजा, २८ दिवसांनी.

सागरमाळ_ग्रंथ
परदेशी निधीबद्दल. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर या प्रकल्पासाठी तो नाद नको. नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय पैसे फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. एका संस्थेने घेतलेला निधी दुसरीला देता येत नाही, म्हणून 'ओळखीच्या एनजीओमार्फत' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फाउंडेशन निवडतानाही विषय बघा. रफर्ड फाउंडेशन निसर्गसंवर्धनाला देतं, इंडिया अलायन्स जैववैद्यकीय संशोधनाला. वाळूचा प्रस्ताव तिथे पहिल्याच चाळणीत गळेल.

रंकाळा_रसायन
खूप आभार. १८ लाखांतला निम्मा खर्च संशोधन सहायकाच्या मानधनाचा आहे. त्यावर कंपन्या नाखूश असतात असं ऐकलंय.

लेखा_शाहूपुरी
असतात. महिना ३७,००० धरले तरी दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार होतात, घरभाडे भत्ता वेगळा. सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप असलेला पीएचडीचा विद्यार्थी या विषयावर मिळाला तर ही ओळच कमी होते. फक्त त्याला दोन ठिकाणचं मानधन देऊ नका, फेलोशिपची वसुली लागते.

मानधन ठेवावंच लागलं तर ते पहिल्या दोन हप्त्यांत बसवा. ४०-४०-२० अशी विभागणी असेल तर शेवटचे २० टक्के अंतिम अहवाल आणि सीएच्या खर्च प्रमाणपत्रानंतरच सुटतात, तोवर मुलगा बिनपगारी राहतो. सीएसआरमधून उपकरण घेणार असाल तर ते विद्यापीठाच्या किंवा सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवा. कंपनीच्या नावावर चालत नाही.

जीएसटीचंही आधीच विचारून घ्या. अनुदानातून केलेल्या संशोधनाला ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे, पण विद्यापीठ किंवा महाविद्यालय आयकराच्या संशोधनविषयक कलमाखाली अधिसूचित असेल तरच. करारावर 'कन्सल्टन्सी' हा शब्द पडला तर १८ टक्के लागतात, आणि ते अंदाजपत्रकात धरलेले नसतील तर चाचण्यांच्या पैशांतून जातात.