क्रूझच्या माहितीपत्रकात शहराचे नाव आणि प्रत्यक्षात दूरचे बंदर: निवडताना नेमके काय पाहावे?

मंजिरी

नमस्कार.

मागच्या जुलैमध्ये मी आईला घेऊन ‘व्हेनिस ते रोम’ अशा नावाने विकल्या जाणाऱ्या नऊ रात्रींच्या क्रूझला गेले होते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोज सामान बांधून हॉटेल बदलणे तिला झेपत नाही. एकाच केबिनमध्ये राहून बरेच काही पाहता येईल, हा क्रूझ निवडण्यामागचा आमचा साधा विचार होता. जहाज स्वच्छ होते, कर्मचारी अतिशय आपुलकीने वागणारे होते, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार मार्गाबद्दल आणि बंदरांबद्दल आहे.

जहाज व्हेनिसहून निघालेच नाही. ते सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या राव्हेन्नाच्या बंदरातून निघाले. ही माहिती बुकिंगच्या पानावर होती, पण शहराच्या नावापुढे कंसात आणि बारीक अक्षरांत होती. विमानतळावरून बसने बंदर गाठण्यात अडीच तास गेले आणि व्हेनिस आम्ही पाहिलेच नाही. शेवटच्या दिवसासमोर ‘रोम’ असे लिहिले होते, त्याचा अर्थ चिविताव्हेक्किया नावाच्या बंदरात सकाळी नऊच्या आत जहाज रिकामे करणे एवढाच निघाला. पूर्ण रक्कम भरून झाल्यावर सहा आठवड्यांनी ईमेल आला आणि अथेन्ससाठीच्या पिरिअस बंदरातला मुक्काम चार तासांनी कमी केल्याचे कळले. कारण म्हणून ‘मार्गक्रमणाच्या सोयीसाठी’ एवढेच शब्द होते.

सर्वांत मोठा हिरमोड ग्रीसच्या सँटोरिनी बेटापाशी झाला. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर न्यावे लागते. आम्ही २३ क्रमांकाची चिठ्ठी हातात घेऊन जहाजावरच्या नाट्यगृहात दीड तास बसलो होतो. क्रमांक १४ पर्यंत पुकारा झाला आणि मग वारा वाढल्यामुळे पुढच्या फेऱ्या रद्द केल्याचे कप्तानाने जाहीर केले. आई डेकवर कठड्याला धरून कितीतरी वेळ वरची पांढरी घरे पाहत उभी होती. ती काही बोलली नाही, पण ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

वाऱ्याला कोणी आवरू शकत नाही, हे मला समजते. मात्र यातले नेमके काय टाळता येण्यासारखे होते आणि काय नव्हते, ते मला वेगळे करून समजून घ्यायचे आहे. पुढच्या वर्षी आईला पुन्हा नेण्याची इच्छा आहे. मार्ग वाचताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, आणि पैसे भरल्यानंतर मार्ग बदलला तर प्रवाशाला काही हक्क असतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुकाणू

मंजिरीताई, मी बरीच वर्षे प्रवासी जहाजांवर नौकानयन अधिकारी म्हणून काम केले आहे. त्यामुळे यातली काही कारणे ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, कशी दिसतात ते सांगतो.

आधी सँटोरिनीबद्दल. ते बेट म्हणजे ज्वालामुखीचे बुडालेले मुख आहे आणि आतल्या पाण्याची खोली अनेक ठिकाणी तीनशे मीटरपेक्षा जास्त आहे. एवढ्या खोलीत मोठ्या जहाजाला नांगर टाकता येत नाही, म्हणून ते बहुधा आपल्या प्रॉपेलरच्या आणि थ्रस्टरच्या (जहाज आडवे सरकवणाऱ्या पंख्यांच्या) बळावर एका जागी धरून ठेवावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्टेमी नावाचे जोरदार वारे वाहतात. जहाज स्थिर राहिले तरी टेंडर बोट त्याच्या कडेला वरखाली होत असते, आणि त्या क्षणी दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने पाऊल टाकणे हा खरा धोका असतो. फेऱ्या थांबवण्याचा निर्णय कप्तानाने योग्यच घेतला, असे मी खात्रीने म्हणेन. मात्र जुलैमध्ये तिथे असे होऊ शकते हे कंपनीला पक्के ठाऊक असते, आणि ते विकताना सांगायला हवे होते, हेही तितक्याच खात्रीने म्हणेन.

व्हेनिसची गोष्ट वेगळी आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारने सान मार्को आणि ज्युदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना बंदी केली. २५,००० टनांहून अधिक सकल टनभार, १८० मीटरहून अधिक लांबी किंवा ३५ मीटरहून अधिक उंची, यांपैकी काहीही असले तरी बंदी लागू होते. आजची बहुतेक क्रूझ जहाजे या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहेत, म्हणून ती राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला जातात. त्या नाजूक शहरासाठी ही बंदी आवश्यकच होती. चूक बंदीत नाही. जहाज हलले आणि नाव तिथेच राहिले, ही चूक आहे.

आता मुक्काम चार तासांनी का कमी झाला असावा, याविषयी. जहाजाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा दोन बंदरांत २०० समुद्री मैलांचे अंतर आहे. २० नॉटने (म्हणजे तासाला २० समुद्री मैलांनी) गेल्यास दहा तास लागतात आणि १६ नॉटने गेल्यास साडेबारा तास लागतात, पण तेवढ्याच अंतराला इंधन सुमारे एक तृतीयांशाने कमी लागते. हे अडीच तास प्रवाशाच्या बंदरातल्या वेळेतूनच जातात, कारण दिवसाचे तास वाढत नाहीत. आपल्या बाबतीत नेमके हेच घडले असे मी म्हणत नाही, कारण धक्क्यावरची जागा दुसऱ्या जहाजाला मिळणे हेही कारण असू शकते. परंतु पैसे भरून झाल्यावर ‘मार्गक्रमणाची सोय’ असे मोघम शब्द आले, तर खरे कारण लेखी विचारावे.

भटकंती_वेदा

सुकाणू यांनी जहाजाची बाजू फार चांगली सांगितली. मी आतापर्यंत केलेल्या अकरा क्रूझमधून शिकलेले लिहिते.

मार्ग वाचताना मी शहरांची नावे आधी झाकून टाकते आणि फक्त बंदराचे नाव, पोहोचण्याची वेळ आणि निघण्याची वेळ कागदावर उतरवते. मग नकाशावर बंदर ते शहर अंतर मोजते. चिविताव्हेक्किया ते रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. फ्लोरेन्ससाठी लिव्होर्नो सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे, आणि जहाज ला स्पेझियाला लागले तर अंतर आणखी वाढते. ‘पॅरिस’ म्हणून दाखवले जाणारे ल आव्ह्र पॅरिसपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, तर ‘बर्लिन’ म्हणून दाखवले जाणारे वार्नेमुंडे त्याहूनही लांब आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात असे बारा तास कागदावर दिसतात. त्यांतून उतरण्याची परवानगी मिळेपर्यंतचा वेळ, जाण्यायेण्याचे तास आणि सुटण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी परतण्याची अट वजा केली, की रोमला जेमतेम सात तास उरतात, आणि ल आव्ह्रहून पॅरिसला जाऊन उभ्या उभ्या आयफेल मनोरा पाहून परतावे लागते. हे करूच नये असे नाही, पण आपण काय विकत घेत आहोत हे आधी कळलेले बरे.

सुरुवातीचे आणि शेवटचे बंदर मी सहलीच्या दिवसांत धरतच नाही. जहाजावर चढण्याच्या दिवशी सामान, तपासणी आणि सुरक्षा कवायत यांत दिवस जातो, आणि उतरण्याच्या दिवशी सकाळीच केबिन सोडावी लागते. त्यामुळे ‘व्हेनिस ते रोम’ या नावातली दोन्ही शहरे मुळात आपल्या वाट्याला येणारच नव्हती. ती पाहायची असतील तर आधी आणि नंतर स्वखर्चाने दोन-दोन दिवस राहावे. सुटण्याच्या बंदरापाशी निदान आदल्या दिवशी पोहोचावे, ही सवय तर प्रत्येकानेच लावून घ्यावी, कारण विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

आईंसाठी मी अशी बंदरे निवडेन, जिथे जहाज गावाच्या अंगणातच लागते. माल्टाची राजधानी व्हॅलेटा इथे जहाजातून उतरल्यावर थोडे चालून लिफ्टने थेट वरच्या बागेत पोहोचता येते आणि सगळे बंदर पायाखाली दिसते. मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला गावाची तटबंदी धक्क्यासमोरच उभी आहे. नॉर्वेतल्या बर्गन आणि ऑलेसुंडलाही गाव हाकेच्या अंतरावर असते. अशा ठिकाणी दमल्यावर परत येऊन तासभर पडता येते आणि पुन्हा बाहेर जाता येते, आणि ज्यांना चालण्याचा त्रास आहे त्यांना याचे मोल सर्वांत जास्त कळते.

उत्तरायण

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून शिकायला मिळाले, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते मला मनापासून मांडावेसे वाटते. सगळी जबाबदारी प्रवाशाच्या अभ्यासावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. जो माणूस आयुष्यात एकदाच अशा प्रवासासाठी पैसे साठवतो, त्याने ज्वालामुखीची खोली आणि जहाजाचा टनभार वाचूनच बुकिंग करावे अशी अपेक्षा कशी ठेवता येईल? बंदराचे खरे नाव, शहरापर्यंतचे अंतर आणि टेंडर लागणार की धक्का मिळणार, या तीन गोष्टी शहराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापणे कोणत्याही कंपनीला अवघड नाही.

काही बंदरे मार्गावर का असतात, हेही प्रवाशाला सांगितले जात नाही. सिअ‍ॅटलहून अलास्काला जाऊन परतणारी जहाजे कॅनडातल्या व्हिक्टोरियाला पुष्कळदा संध्याकाळी उशिरा पोहोचतात, तेव्हा बागा आणि संग्रहालये बंद झालेली असतात आणि प्रवासी चिडतात. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी वाहता येत नाहीत, आणि बहुतेक क्रूझ जहाजांवर बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचे ध्वज असतात. म्हणून वाटेत एक परदेशी बंदर घ्यावेच लागते, आणि व्हिक्टोरिया ती अट पूर्ण करते. हे एका ओळीत छापले असते, तर कोणी त्या संध्याकाळकडून दिवसभराची अपेक्षा ठेवली नसती. फ्लोरिडातल्या टँपा बंदरातून मोठी जहाजे का सुटत नाहीत, याचे उत्तरही असेच साधे आहे: खाडीवरच्या सनशाइन स्कायवे पुलाखालची मोकळी उंची सुमारे ५५ मीटर आहे आणि नवी मोठी जहाजे त्याखालून जाऊ शकत नाहीत. जवळच्या बंदरातून निघण्याची इच्छा असलेल्या माणसाला हे कळले, तर तो निदान विनाकारण वाट पाहत बसणार नाही.

बदल दोन प्रकारचे असतात, आणि मंजिरीताईंनी नेमका तोच फरक विचारला आहे. वादळ, वारा, युद्ध, आजारी प्रवाशाला किनाऱ्यावर पोहोचवणे, ही कारणे कोणीही मान्य करील. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियातले सेंट पीटर्सबर्ग बाल्टिक मार्गांतून वगळले गेले, तेव्हा अनेकांच्या प्रवासाचा गाभाच गेला, तरी त्याला इलाज नव्हता. परंतु एखादे ऐतिहासिक बंदर वगळून त्याऐवजी कंपनीच्या स्वतःच्या खासगी बेटावर दिवस घालवायला लावणे हा व्यापारी निर्णय आहे, कारण तिथे प्रवासी खर्च करतो तो पैसा कंपनीकडेच राहतो. अशा बदलाला हवामानाच्या बदलासारखेच कलम लावले जाते, हे मला खटकते.

हक्कांबद्दल: बुकिंग कुठे केले यावर बरेच अवलंबून असते. युरोपीय संघात विकलेल्या क्रूझला सहसा २०१५ चा पॅकेज प्रवासाचा निर्देश लागू होतो, आणि ब्रिटनमध्ये त्याच धर्तीचे २०१८ चे नियम आहेत. प्रवासापूर्वी मार्गात महत्त्वाचा बदल झाला, तर शुल्क न देता करार रद्द करण्याचा पर्याय प्रवाशाला द्यावा लागतो. चार तासांची कपात ‘महत्त्वाची’ ठरते की नाही, यावर वाद होऊ शकतो, म्हणून आपल्यासाठी कोणते बंदर निर्णायक आहे ते बुकिंगच्या वेळीच ईमेलमध्ये लिहून ठेवावे. इतरत्र बहुतेक करारांत कंपनीला कोणतेही बंदर वगळण्याची मुभा असते आणि वगळलेल्या बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते.

मंजिरी

तिघांचेही मनापासून आभार. सुकाणू, आपले उत्तर मी आईला वाचून दाखवले. कप्तानाने तिच्यासारख्यांचाच विचार करून फेऱ्या थांबवल्या हे ऐकून तिच्या मनातली रुखरुख बरीच कमी झाली, आणि माझीही.

भटकंती_वेदा यांच्या सांगण्याप्रमाणे कागद घेऊन बसले, तेव्हा मागच्या नऊ रात्रींच्या प्रवासात आम्हाला किनाऱ्यावर पाय ठेवायला मिळालेले तास एकूण एकवीस भरले. हा हिशेब आधी केला असता, तर मी तो मार्ग निवडला नसता. आता सप्टेंबरच्या अखेरीचा एक मार्ग पाहिला आहे, त्यात व्हॅलेटा आणि कोटोर दोन्ही आहेत. कोटोरला जहाज नक्की धक्क्यालाच लागते ना?

सुकाणू

नक्की असे सांगता येणार नाही. धक्क्यावर जागा मर्यादित आहे, आणि एकाच दिवशी दोन-तीन मोठी जहाजे आली की काहींना खाडीत नांगर टाकून टेंडरने प्रवासी उतरवावे लागतात. खाडी चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेली असल्यामुळे पाणी सहसा शांत असते, त्यामुळे सँटोरिनीसारखी स्थिती क्वचित येते. तरीही बंदरांची वेळापत्रके इंटरनेटवर पाहायला मिळतात, त्यांत आपल्या तारखेला आणखी कोणती जहाजे आहेत ते पाहावे. कंपनीलाही लेखी विचारावे की त्या दिवशी धक्का राखून ठेवला आहे का, आणि टेंडर लागल्यास चालण्याचा त्रास असलेल्या प्रवाशांना पहिल्या फेऱ्यांमध्ये घेतील का. हा दुसरा प्रश्न पुष्कळ जण विचारत नाहीत. २३ क्रमांकाची चिठ्ठी हातात पडण्याआधीच तो विचारायला हवा.