चार-पाच महिने पायी परिक्रमा, सॅकला वास येऊ नये म्हणून काय करता?

रेवाकाठ:
नर्मदे हर मंडळी. यंदा कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून नर्मदेची पायी परिक्रमा उचलायचं पक्कं केलंय. नदीच १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट धरून अडीच हजाराच्या वर चालणं आलं. चालायची भीती नाही, प्रश्न सॅकचा आहे. गेल्या वर्षी सवय व्हावी म्हणून तीन आठवडे दक्षिण तटावर शूलपाणीच्या झाडीपर्यंत, म्हणजे तिथल्या जंगलापर्यंत, चाललो, तर दहाव्या-बाराव्या दिवसापासून सॅक उघडली की आंबूस वास यायला लागला, धुतलेले कपडे आत ठेवले तरी सकाळी तोच वास. एका आश्रमात माताजींनी देवघराला लागून असलेल्या खोलीत आसन लावायला, म्हणजे मुक्कामाला अंथरूण टाकायला सांगितलं, इतक्या मायेनं, आणि मला ती सॅक आत न्यायचीच लाज वाटली. ओसरीवर ठेवली, रात्री दव पडलं, सकाळी वास दुप्पट. घरी येऊन पावडरमध्ये भिजवली, ब्रशनं घासली, तरी एक दिवस पाठीवर घेतली की पुन्हा येतो. नर्मदेत साबण लावायचा नसतो, मग चार महिने हिला धुवायची तरी कशी? आत कापूर ठेवावा का? सॅक आठ वर्षं जुनी आहे, ५० लिटरची, टाकून नवीनच घेऊ का?

पायवाट:
नर्मदे हर दादा. माझी परिक्रमा दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाली, त्यामुळे हे सगळं भोगलेलं आहे. वास बहुतेक वेळा कपड्यांत नसतोच, तो खांद्याच्या पट्ट्या, कमरेचा पट्टा आणि पाठीकडच्या फोममध्ये असतो. दिवसभर घाम तिथे जिरतो, रात्रीत वाळत नाही, ओलीत जिवाणू वाढतात, म्हणून घरी कोरडी सॅक ठीक वाटते आणि पाठीवर घेऊन घाम आला की वास जागा होतो. मी रोज मुक्कामाला पोचले की चहाच्या आधी सॅक पूर्ण रिकामी करायचे, सगळ्या चेन उघड्या, पाठीकडची बाजू वाऱ्याकडे. पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे. दुपारी जेवणाला थांबलं की तासभर ऊन, पण दिवस दिवस कडक उन्हात टाकू नका, नायलॉन कमजोर होतं. आठ-दहा दिवसांनी हापशावरून बादलीभर पाणी घेऊन, घाटापासून लांब, फक्त पट्ट्यांना थोडासा साबण लावून चांगलं खळबळून काढायचं, तेवढं पुरतं. पहाटेच्या स्नानाचा ओला पंचा चुकूनही आत कोंबू नका, बाहेर सेफ्टी पिनांनी अडकवा, चालता चालता वाळतो.

आणि नर्मदा समुद्राला मिळते तिथे तट बदलायला विमलेश्वरहून मिठीतलाईला नावेनं जाताना खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात. मीठ राहिलं की सॅक दमटच राहते, कितीही वाळवा. उतरल्यावर गोडं पाणी मिळेल तिथे आधी ती पुसून घ्या.

अजून एक, तुम्ही सदाव्रतात, म्हणजे वाटेत मिळणाऱ्या मोफत शिध्यात, मिळालेलं पीठ कशात ठेवत होता? आंबूस म्हणालात म्हणून विचारते, घामाचा वास वेगळा असतो.

सुईदोरा:
मी सॅक, तंबू दुरुस्तीचं काम करतो म्हणून नवीन घ्यायच्या प्रश्नावर सांगतो. आतल्या कापडावर पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा थर असतो, तो जुना झाला, दमट जागी राहिला की सुटायला लागतो, हाताला चिकट लागतो, पापुद्रे निघतात आणि ओकारीसारखा आंबट वास येतो. तसं असेल तर कितीही धुतलं तरी तो वास जाणार नाही, सॅक बदला. आतून, विशेषतः तळाशी, हात फिरवून बघा. चिकट नसेल तर आठ वर्षांची सॅक अजून चालेल. आत खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग एक भाग व्हिनेगर तीन भाग पाणी असं फवारून सावलीत दोन दिवस उलटी टांगा. पाठीची पट्टी काढता येत असेल तर काढून वेगळी वाळवा. मशीनमध्ये घालू नका आणि तासन् तास भिजत पण ठेवू नका, त्यानं तोच थर लवकर सुटतो.

किनारपट्टी:
आमच्याकडे पावसाळ्यात बॅगांत वेखंडाचे तुकडे आणि वाळ्याची जुडी ठेवतात, सुती पुरचुंडीत बांधून. वजन काहीच नाही, वास पण मंद. कापूर ठेवलात तर खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा, चहाच्या पुडीला लगेच वास लागतो.

पायवाट:
वाळा छान. पण आधी सॅक वाळलेली पाहिजे, ओल्या सॅकमध्ये काही ठेवलं तरी दोन्ही वास एकत्र येतात. आणि डांबरगोळ्या अजिबात नको, आपण धर्मशाळेत बंद खोलीत सॅक उशाला घेऊन झोपतो, त्याची वाफ रात्रभर नाकात जाते, ती चांगली नाही.

रेवाकाठ:
पायवाट माताजी, तुम्ही पिठाचं विचारलंत म्हणून आत्ता तळ पूर्ण उलटा केला. चिकट काही नाही, पापुद्रे नाहीत, पण कोपऱ्यातल्या शिवणीत पिठाचा घट्ट थर बसलाय, नखानं खरवडून काढावा लागला, आणि वास तोच. कापडी पिशवीतून पीठ झिरपत होतं आणि वर ओला पंचा, म्हणजे आत रोज आंबतच होतं ते. मी मात्र पट्ट्याच घासत बसलो. सुईदोरा, आज रात्री सोडा घालून ठेवतो. नंतर दर रविवारी आठ किलो वजन भरून सिंहगड करणार, घाम येऊन वास परततो का ते कळेल. पिठाला झाकणाचा डबा घेतो, किलोचा पुरेल ना?

पायवाट:
अर्धा किलोचाच घ्या. सदाव्रत त्या वेळेपुरतंच घ्यायचं, साठवायचं नाही. आणि डबा चौकोनी नको, गोल घ्या, कोपऱ्यात पीठ राहतं.