विषय: उभी राहिलेली विमानं, अडकलेले पैसे आणि १ नोव्हेंबर

प्रेषक: मंडळाच्या मेल यादीवरच्या एक सभासद, वेस्टमीड, सिडनी
रविवार, २४ ऑक्टोबर २०२१, सकाळी

नमस्कार मंडळी,

१ नोव्हेंबरपासून दोन्ही लसी घेतलेल्यांना सिडनीत हॉटेल क्वारंटाइनशिवाय उतरता येणार आणि आई-वडिलांनाही जवळचे कुटुंबीय म्हणून परवानगी मागता येणार, हे कळल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. बाबा सांगलीला असतात. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी इथे फोन हातात धरून बसले होते. या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाबाहेर जाण्याची सरकारी सूट मिळाली, बॅग भरायला घेतली, आणि २७ तारखेला भारतातून येणारी विमानंच बंद झाली. मग ३ मेपासून, भारतातून परतणाऱ्या नागरिकालासुद्धा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड होऊ शकतो असा आदेश निघाला. पंधरवड्यात बंदी उठली, पण ती धास्ती अजून मनातून जात नाही.

आता तिकीट काढायचं म्हणते तर दोन शंका आहेत. दीड वर्ष वाळवंटात उभ्या असलेल्या विमानात हृदयाचा पेशंट असलेल्या बाबांना बसवायचं का? आणि एप्रिल २०२० च्या रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे एजंटकडे आहेत की विमानकंपनीकडे, हेच मला आजवर कळलेलं नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

प्रेषक: एक सभासद, पेन्रिथ
रविवार, २४ ऑक्टोबर २०२१, रात्री

ताई, पहिल्या शंकेचं उत्तर मी देतो. विमानांची देखभाल हाच माझा धंदा. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला सध्या प्रत्येक घरात विचारला जातो.

एप्रिल २०२० मध्ये जगातल्या प्रवासी विमानांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास, एकाच वेळी जमिनीवर होती. विमानतळावर एवढी जागा नसते. बरीच विमानं हवेत असणार या हिशेबानंच ते बांधलेले असतात. फ्रँकफर्टला तर एक अख्खी धावपट्टी बंद करून तिच्यावर विमानं लावली. लांबच्या मुक्कामाला मात्र कोरडी हवा लागते: स्पेनमधलं तेरुएल, कॅलिफोर्नियातलं व्हिक्टरव्हिल आणि इथे ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज. सिंगापूरच्या दमट हवेत धातूला गंज लवकर धरतो, म्हणून सिंगापूर एअरलाइन्सनं आपली दुमजली ए-३८० विमानं ॲलिसला आणून ठेवली. मीही मधले काही महिने तिथे कंत्राटावर होतो.

उभ्या विमानाला रोजचं काम असतं. इंजिनाची दोन्ही तोंडं झाकायची आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवायच्या. सोबत एक छोटं कार्ड असतं, ओल वाढली की त्याचा रंग बदलतो. रंग बदलला की पिशव्या काढून नव्या ठेवायच्या. टायर एकाच जागी दबून सपाट होऊ नयेत म्हणून ठरलेल्या दिवसांनी विमान थोडं ओढून चाकं फिरवायची, आणि ए-३८० ला चाकं २२ असतात. चाकांच्या दांड्यांच्या चकचकीत भागाला ग्रीस लावायचं. टाकीत थोडं इंधन ठेवावं लागतं, नाहीतर वाऱ्यात विमान हलकं पडतं. पण इंधनात पाणी उतरलं की तिथे बुरशी-जिवाणू वाढतात, म्हणून त्यात औषध घालायचं. प्रत्येक गोष्ट लिहून सही करायची. सात दिवसांची, चौदा दिवसांची, महिन्याची अशी वेगवेगळी तपासणी असते. व्हिक्टरव्हिलला तर क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमानकंपनीच्या इंजिनीअरांना चाकांजवळ जाण्याआधी दांडका आपटावा लागायचा, कारण सावलीला खुळखुळ्या साप येऊन बसायचे.

सापापेक्षा मला भीती वाटते किड्यांची. विमानाच्या नाकाशेजारी पिटो नावाच्या बारीक नळ्या असतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून त्या वैमानिकाला वेग सांगतात. ब्रिस्बेनला मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेली एक गांधीलमाशी आहे. आपल्याकडची कुंभारीण जशी मातीचं घर करते तशी ही कुठलंही भोक दिसलं की ते मातीनं लिंपते. २०१३ मध्ये तिथून एक मोठं विमान उड्डाणानंतर लगेच परत उतरवावं लागलं. ते फक्त दोनेक तास जमिनीवर होतं, तेवढ्यात पिटो नळीत चिखल भरलेला. मग महिनोन्महिने उभ्या विमानाचं काय होईल, विचार करा. २०२० च्या ऑगस्टमध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेनं सगळ्यांना इशारा दिला तो याचाच: मुक्कामावरून परतलेल्या विमानांत वेग चुकीचा दाखवल्याच्या नोंदी वाढल्या होत्या. त्याआधी जुलैमध्ये अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेनं तातडीचा आदेश काढला होता. जुन्या पिढ्यांची बोइंग ७३७ सलग सात दिवस जरी उभी राहिली, तरी इंजिनातली एक झडप गंजून अडकू शकते, ती तपासल्याशिवाय उडवू नका.

हे घाबरवायला लिहीत नाही. दोष सापडले, जाहीर झाले, प्रत्येकावर लेखी तपासणी आली आणि ती सही झाल्याशिवाय विमान सुटत नाही, हे सांगायला लिहितोय. मुक्काम संपवून विमान सेवेत आणायला आठवडे लागतात. वैमानिकालाही नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झाल्या नसतील, तर आधी सिम्युलेटरवर करून दाखवावी लागतात. ताई, बाबांना अवश्य आणा. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, एवढंच.

माझ्या जिवाला घोर आहे तो वेगळा. गेल्या वर्षी ज्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांत माझ्या पिढीचे पुष्कळ होते. नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारी माणसं. ती परत येणार नाहीत.

---

प्रेषक: मंडळाचे खजिनदार
सोमवार, २५ ऑक्टोबर २०२१

काका, तुमची मेल मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली.

आता पैशांचं. विमानाचं तिकीट आपण महिनोन्महिने आधी काढतो, आणि कंपनी ते पैसे बाजूला ठेवत नाही. आजचं इंधन, आजचे पगार, विमानांची भाडी त्यातूनच भागवते. म्हणजे तिकीट काढणारा प्रत्येक माणूस कंपनीला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देत असतो. विमानं उडत होती तोवर हे चक्र फिरत राहिलं. मार्च २०२० मध्ये नवी तिकिटं थांबली आणि जुन्या तिकिटांचे पैसे सगळ्यांनी एकदम मागितले. विमान उभं असलं तरी त्याचं भाडं आणि विमा थांबत नाही. आयाटा या विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेनं याच महिन्यात बोस्टनच्या सभेत सांगितलं की २०२० मध्ये विमानकंपन्यांना १३७.७ अब्ज अमेरिकी डॉलर तोटा झाला. पैसे परत द्यायला नकोत म्हणून जगभर व्हाउचर निघाली ती यामुळे.

इथलं उदाहरण व्हर्जिन ऑस्ट्रेलियाचं. कंपनीनं सरकारकडे १.४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचं कर्ज मागितलं, ते मिळालं नाही. २१ एप्रिल २०२० ला, कर्ज फेडता न येणाऱ्या कंपनीवर नेमतात तसे, प्रशासक आले, देणी सात अब्जांच्या घरात. पुढे बेन कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीनं ती विकत घेतली. बिनतारण घेणेकऱ्यांना डॉलरमागे ९ ते १३ सेंट देण्याची योजना मंजूर झाली आणि प्रवाशांच्या वाट्याला पैशांऐवजी पुढच्या तिकिटासाठी वापरायचं मुदतीचं क्रेडिट आलं. मदत नाकारणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. जर्मनीनं लुफ्तान्साला नऊ अब्ज युरोंचं पॅकेज दिलं, पण बदल्यात कंपनीत वीस टक्के हिस्सा घेतला. तशी अट घालून मदत इथेही देता आली असती. तसं झालं असतं तर तीन हजार माणसांच्या नोकऱ्या कदाचित वाचल्या असत्या.

ताई, तुमचं तिकीट भारतातून सुरू होणारं असेल तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑक्टोबर २०२० चा निकाल हाताशी ठेवा. लॉकडाउनच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटाचे पैसे पूर्ण परत. त्याआधी काढलेल्याचे पंधरा दिवसांत परत, आणि कंपनीची परिस्थितीच नसेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचं क्रेडिट, दरमहा वाढणाऱ्या किमतीसह, दुसऱ्याच्या नावावरही वापरता येईल असं. न वापरल्यास मुदतीअखेर रोख. परदेशी कंपनीचं तिकीट असलं तरी प्रवास भारतातून सुरू होणारा असेल तर परतावा लागू आहे. एजंटमार्फत काढलं असेल तर कंपनीनं एजंटला द्यायचे आणि एजंटनं लगेच तुम्हाला. म्हणून कंपनीला एकच लेखी प्रश्न विचारा: ‘परतावा एजंटच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा केला?’ तारीख हातात आली की बोट दाखवणं संपतं.

तिकीट सिडनीहून सुरू होणारं असेल तर तो निकाल चालणार नाही. मग तिकिटावरच्या अटी बघाव्या लागतील, आणि उत्तर नाहीच आलं तर न्यू साउथ वेल्सच्या फेअर ट्रेडिंग या ग्राहक-तक्रार खात्याकडे तक्रार. आता नवं तिकीट काढताना क्रेडिट कार्डनं काढा. सेवा मिळाली नाही तर बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो, पण त्याला मुदत असते, तेव्हा रखडवू नका.

---

प्रेषक: एक सभासद, मस्कॉट
सोमवार, २५ ऑक्टोबर २०२१, रात्री उशिरा

या यादीवर मी फक्त वाचत असतो. आज लिहावंसं वाटलं.

मी रॅम्पवर, म्हणजे विमानतळावर विमानं उभी राहतात तिथे, कामाला होतो. विमान थांबलं की चाकांना ठोकळे लावायचे, पोट उघडायचं, गुडघ्यांवर आत शिरून सामान रचायचं. लोकांना वाटतं खाली फक्त बॅगा असतात. जगातला जवळजवळ निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा, आमच्या हातून समुद्रातली लॉबस्टर गेली, औषधं गेली. मार्च २०२० मध्ये एका शुक्रवारी मेसेज आला, सोमवारपासून येऊ नका. पगार बंद, पण नोकरी कागदावर चालू, म्हणजे दुसरीकडे कायमचं लागावं तरी पंचाईत.

जॉबकीपर या सरकारी पगार-मदतीचे पंधरवड्याला १५०० डॉलर आपल्याला मिळतील या आशेवर होतो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना ते नव्हतेच. पुढे परदेशी सरकारच्या मालकीच्या कंपन्यांचे कामगारही त्यातून वगळले गेले, त्यांत इथले नागरिकसुद्धा होते. विमानतळावरची कितीतरी कामं अशा कंपन्यांकडे गेलेली आहेत. कामगाराला कुठे माहीत असतं आपल्या कंपनीचा मालक कोण. माझा व्हिसा तात्पुरता, म्हणून माझा प्रश्नच आला नाही. मी गोदामात रात्रपाळी केली. या मंडळातल्या दोन घरांनी तेव्हा आमच्याकडे महिनाभर किराणा पोचवला. नावं लिहू नका म्हणालेत.

काका, तुमच्या मेलमधली चौदा दिवसांची तपासणी वाचून मी बराच वेळ थांबलो. विमानाकडे चौदा दिवसांनी कोणीतरी जाऊन बघायचं आणि सही करायची. आमच्याकडे दीड वर्षात कंपनीतून कोणाचा फोन आला नाही. विमानं परत उडावीत असं वाटत असेल तर माणसं तयार ठेवायला नकोत का? क्वांटासनं जवळपास दोन हजार ग्राउंड स्टाफचं काम बाहेरच्या कंपन्यांना दिलं, ते बेकायदा होतं असा फेडरल कोर्टानं ३० जुलैला निकाल दिला. ती माझी कंपनी नव्हे, आणि कंपनी अपिलात गेली आहे, पण निकाल मी दोनदा वाचला. कोणीतरी आमची बाजू कागदावर लिहिली याचं बरं वाटलं.

डिसेंबरात दिल्लीची विमानं सुरू होतायत म्हणे. पुन्हा जाऊ की नको, बायको विचारते.

---

प्रेषक: एक सभासद, पेन्रिथ
मंगळवार, २६ ऑक्टोबर २०२१, पहाटे

दादा, जा. पण आधीच्या अटींवर नको. आता गरज त्यांना आहे. विमानतळावरची कामं कंत्राटावर घेणाऱ्या कंपन्या माणसं शोधतायत आणि रॅम्पचा अनुभव असलेली माणसं गोदामांत, ट्रकवर आणि बसवर पांगली आहेत. कायम नोकरी, किमान तासांची लेखी हमी आणि पाठ वाचावी म्हणून बेल्ट लोडर (सामान वर चढवणारा सरकता पट्टा), या तीन गोष्टी मुलाखतीतच मागा. युनियनचं सदस्यत्व पहिल्या दिवशी घ्या.

आणि तुमचं विमानतळाचं सुरक्षा ओळखपत्र, आसिक कार्ड, त्याची मुदत दोन वर्षांची असते, म्हणजे बहुधा संपली असेल. ते नव्यानं काढताना पोलिसांची आणि सुरक्षेची तपासणी पुन्हा होते, व्हिसावर असलेल्यांना वेळ जास्त लागतो. नोकरी देणारी कंपनीच अर्ज पुढे पाठवते, तेव्हा बोलणी याच आठवड्यात सुरू करा, नाहीतर डिसेंबर हातचा जाईल. माझ्या हँगरशेजारी दोन कंपन्यांची भरती चालू आहे, त्यांचे अर्ज मी आज घेऊन येतो. शनिवारी फराळाचे डबे वाटायला मी वेंटवर्थव्हिलच्या हॉलवर दहापासून आहे, तिथे भेटा. यादीवर आणखी कोणी रॅम्प, केटरिंग किंवा केबिन सफाईतलं असेल तर त्यांनीही यावं, अर्ज जास्तीचे आणतो.