यूकासचं स्टेटमेंट: पहिल्या वाक्यालाच अडलोय

अपूर्णांक
गणित-संख्याशास्त्राच्या पदवीसाठी ब्रिटनमधल्या विद्यापीठांना यूकासमार्फत, म्हणजे तिथल्या सामाईक अर्ज यंत्रणेतून, अर्ज करतोय. बाकी फॉर्म झाला, स्टेटमेंट, म्हणजे हा विषय का हवा ते स्वतःच्या शब्दांत सांगणारं लिखाण, तेवढं राहिलंय. मसुदा इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगतो: "लहानपणापासूनच मला आकड्यांचं विलक्षण वेड आहे. गणित ही विश्वाची भाषा आहे..." पुढे ऑलिंपियाड, बुद्धिबळ, शाळेतलं क्रीडा प्रतिनिधीपद, वृद्धाश्रमातलं स्वयंसेवकाचं काम. सगळं घातलंय, पण वाचताना मलाच जांभई येते. सुरुवात दमदार कशी करू? एखाद्या मोठ्या गणितज्ञाचं वाक्य टाकू का?

सरळ_रेघ
वाक्य टाकू नकोस. मोजकी जागा मिळते, ती दुसऱ्याच्या बोलण्यावर कशाला घालवायची? प्रवेश त्याला नकोय, तुला हवाय.

खडूफळा
मी गणित शिकवते आणि दर हंगामात मुलांचे असले मसुदे वाचते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

तू अजून जुन्या पद्धतीचा सलग निबंध लिहितोयस असं दिसतंय. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासने त्याचे तीन प्रश्न केलेत: हाच विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंस नि ते कामाचं का. एकूण मर्यादा पूर्वीचीच, ४००० कॅरेक्टर, स्पेस धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० चं हवं. म्हणजे दमदार सुरुवातीची चिंता बरीचशी मिटलीच. समोर प्रश्न आहे, उत्तराला लाग.

"लहानपणापासूनच" आधी खोड. २००७ साली यूकासने सुमारे ५० हजार स्टेटमेंटं तपासली, तर २३४ जणांनी वयाच्या आठव्या वर्षी प्रयोग करताना पायजम्याला भोक पाडलेलं! इतके पायजमे खरंच जळाले असतील असं कुणालाच वाटलं नाही. हल्ली साम्य पकडणारं सॉफ्टवेअर असतंच, पण तुझं वाक्य पकडायला त्याचीही गरज नाही. वाचणारा बहुतेकदा त्या विषयातलाच असतो, आणि "वेड" हा शब्द त्याने त्याच दिवशी ढीगभर वेळा वाचलेला असतो. त्याला बघायचं असतं की हा मुलगा एखादा प्रश्न हातात आल्यावर त्याचं काय करतो. बुद्धिबळ आणि क्रीडा प्रतिनिधीपद यातून ते कळत नाही. दोन्ही मिळून एक ओळ पुष्कळ झाली.

आता मला सांग, गेल्या वर्षभरात अभ्यासक्रमाबाहेरचं असं काय केलंस, की ज्यात अडलास आणि तरी नाद सुटेना? मोठा प्रोजेक्ट वगैरे नसला तरी चालेल.

अपूर्णांक
तसं खास काही नाही, ताई. ते वाढदिवसांचं कोडं आहे ना, २३ जणांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ते पटेना म्हणून पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून चालवून पाहिलं. ५०.७ टक्क्यांच्या आसपास येत राहिलं. मग डोक्यात आलं, खरे जन्म वर्षभर सारखे विखुरलेले नसतात, काही महिन्यांत जास्त असतात. मला वाटलं त्याने शक्यता घटेल. दिवसांना कमीजास्त वजनं देऊन पाहिलं तर उलट वाढली. का, ते अंदाजाने कळतं, सिद्ध करता येत नाही. पण हे फुटकळ आहे, स्टेटमेंटमध्ये कसं घालणार?

खडूफळा
अरे, हे सोडून तू विश्वाची भाषा घेऊन बसलास!

आधी गणित बघ. दोनच माणसं घे. वाढदिवस जुळण्याची शक्यता म्हणजे प्रत्येक दिवसाच्या शक्यतेचा वर्ग करून आलेली बेरीज. ती सर्वांत कमी केव्हा? सगळे दिवस समान असताना. बेरीज आणि वर्गांची बेरीज यांची तुलना करणाऱ्या कॉशी-श्वार्झ असमानतेने दोन ओळींत सुटतं. २३ जणांसाठी मॅक्लॉरिनच्या असमानता (संख्यांच्या गुणाकारांच्या बेरजांची तुलना करणाऱ्या) वाच, तिथे पुढचा रस्ता आहे.

आता लिहायचं कसं? पहिल्या प्रश्नाला साधारण असं: "जन्मतारखा असमान विखुरल्या तर योगायोग कमी होतील असं मला वाटलं होतं. संगणकाने उलट दाखवलं. दोन माणसांसाठी त्याचं कारण मला सिद्ध करता आलं, २३ जणांसाठी अजून प्रयत्न चालू आहे." माझी वाक्यं जशीच्या तशी उचलू नकोस, आणि चॅटबॉटकडूनही लिहून घेऊ नकोस, मजकूर स्वतःचा आहे असं अर्जात कबूल करावं लागतं. शिवाय दोन माणसांचं खरंच वहीत सोडव, मगच लिही. मुलाखत झाली तर पहिला प्रश्न तिथूनच येईल, आणि तो यावा असंच लिहायचं असतं.

"अजून प्रयत्न चालू आहे" हे लिहायला मुलं घाबरतात. मला तर मसुद्यात तेच वाक्य सगळ्यांत आवडतं.

सरळ_रेघ
यात एक भर. पाचही पर्यायांना एकच स्टेटमेंट जातं, तेव्हा कुठल्याही विद्यापीठाचं नाव त्यात नको. बाकी चौघं वाचणार आहेत.

अपूर्णांक
नाव होतं, काढतो. मग ऑलिंपियाड दुसऱ्या प्रश्नात? आणि वृद्धाश्रम?

खडूफळा
ऑलिंपियाड दुसऱ्यात, हो. पण नुसतं "सहभाग घेतला" नको, त्यातलं डोक्यात घर करून राहिलेलं एक गणित सांग. वृद्धाश्रम तिसऱ्यात, तिथे तू नेमकं काय करायचास ते लिहिता आलं तर. "सहानुभूती शिकलो" एवढंच सुचत असेल तर सरळ वगळ आणि ती जागा पायथॉनला दे. मॅक्लॉरिन वाचून झालं की नवा मसुदा इथेच टाक.