मदत हवी आहे : घरमालक संघाच्या बैठकीत अंगणावरील छपराची मंजुरी

सर्वांना सविनय नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियातील ज्या वसाहतीत राहतो, तेथील घरमालक संघाच्या वास्तुरचना समितीपुढे पुढील महिन्यात आमच्या मागच्या अंगणावर लाकडी छप्पर घालण्याचा अर्ज येणार आहे. आई-बाबा उन्हाळ्यात येतात आणि दुपारच्या उन्हात त्यांना बाहेर बसवत नाही, म्हणून हे काम मला मनापासून हवे आहे.

रीत समजावी म्हणून मागच्या बैठकीस मी जाऊन बसलो. एका शेजाऱ्यांच्या कुंपणाचा अर्ज होता. त्यांनी रंगाचा नमुना लावलेली वीतभर फळी आणली होती आणि सदस्यांनी ती हातोहात फिरवून खिडकीच्या उजेडात पाहिली. मग एकाने ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिले आणि त्यानंतरच चर्चा झाली. आपल्याकडील सोसायटीच्या सूचक-अनुमोदक पद्धतीशी हे जुळते, परंतु अर्जदाराने नेमके केव्हा बोलावे हे मला उमगले नाही.

येथील नागरी संहितेच्या कलम ४७६५ नुसार निर्णय लेखी द्यावा लागतो आणि नकार असल्यास त्याचे कारण व फेरविचाराची पद्धतही कळवावी लागते, एवढे मी वाचले आहे.

ज्यांनी अशी मंजुरी घेतली आहे, त्यांनी कृपया सांगावे : ठराव मांडण्यापूर्वीच निवेदन करणे योग्य ठरते का, आणि लगतच्या शेजाऱ्यांच्या संमतीच्या सह्या अर्जासोबत जोडाव्यात की बैठकीत सादर कराव्यात?