मदत हवी आहे: ६४ जीबी मेमरी कार्डाचे दोन भाग करायचेत, 'श्रिंक' चालत नाही

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आहे. गाडीचा स्टिरिओ फक्त फॅट३२ (कार्डावर फायली मांडायची जुनी पद्धत) वाचतो. त्याच कार्डावर जोतिबाच्या चैत्र यात्रेचे व्हिडिओही ठेवायचेत, त्यातल्या दोन फायली ४ जीबीच्या वरच्या आहेत, म्हणजे त्या फॅट३२ वर बसत नाहीत. म्हणून २० जीबी गाण्यांना आणि उरलेलं व्हिडिओंना असा विचार आहे. घरचा पीसी विंडोज १० चा, कार्ड यूएसबी रीडरमधून लावतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये कार्डावर राइट क्लिक केलं की 'श्रिंक व्हॉल्यूम' (भाग लहान करायचा पर्याय) फिकट दिसतं, दाबता येत नाही. कार्ड सध्या एक्सफॅट (४ जीबीच्या वरच्या फायली चालणारी पद्धत) आहे, आत साधारण १८ जीबी डेटा आहे.
पीसीच्या हार्ड डिस्कवर दुकानाचे हिशेब आहेत, त्याला धक्का नको. आणि ६४ चं कार्ड ५९ पॉइंट काहीतरी दाखवतंय, डुप्लिकेट तर नाही ना?

बिंदूचौक_०७
श्रिंक फिकट दिसणं हा बिघाड नाही. विंडोजचं श्रिंक एनटीएफएसवरच (विंडोजच्या हार्ड डिस्कची नेहमीची पद्धत) चालतं. फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल तर तो पर्याय मिळतच नाही. लिनक्समधला भाग पाडायचा प्रोग्राम जीपार्टेडसुद्धा एक्सफॅट लहान करत नाही. म्हणजे डेटा ठेवून भाग पाडण्याचा नाद सोडा. डेटा बाहेर काढायचा, कार्ड मोकळं करायचं, नव्याने भाग पाडायचे. हिशेबांचीही एक प्रत आधी दुसरीकडे काढा.

५९ चं म्हणाल तर कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. ६४ अब्ज बाइटांना तसं भागलं की ५९.६ येतात. पण आकडा बरोबर आला म्हणून कार्ड अस्सल ठरत नाही. नकली कार्डाचा कंट्रोलरच (कार्डाचा कारभार बघणारं सर्किट) खोटं माप सांगतो. खरी जागा संपली की पुढच्या फायलींची नावं दिसतात, पण त्या उघडत नाहीत. म्हणून डेटा काढल्यावर, भाग पाडायच्या आधी, रिकाम्या कार्डावर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा. ते कार्ड भरून लिहितं आणि परत वाचून पडताळतं. सेकंदाला २० एमबीचा वेग धरला तर नुसतं लिहायलाच पाऊण-एक तास जातो, वाचायचा वेळ वेगळा. लिनक्सवाल्यांना हेच काम एफ३ करतं.

पेठेतला_तारकरी
वरचं बरोबर. आता खरं काम.

विंडोज की आणि आर दाबून 'विनव्हर' चालवा, ते विंडोजची आवृत्ती दाखवतं. १७०३ किंवा पुढची आवृत्ती हवी (ती २०१७ ची). त्याआधीचं विंडोज मेमरी कार्डाचा पहिलाच भाग दाखवायचं.

मग कार्ड काढून ठेवा, डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालची यादी बघा. पीसीची डिस्क बहुतेक 'डिस्क ०' असते, पण 'बहुतेक' वर जाऊ नका. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं आधी उपसून टाका. आता कार्ड लावा. जी नवी ओळ उगवेल, 'रिमूव्हेबल' लिहिलेली आणि ५९ जीबीच्या आसपासची, तेच तुमचं कार्ड. तिचा क्रमांक कागदावर लिहा.

त्या ओळीतल्या निळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'डिलीट व्हॉल्यूम'. पट्टी काळी झाली की 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये मागतो, तर २० जीबीला २०४८० भरा, फॅट३२ निवडा, क्विक फॉरमॅट. उरलेल्या काळ्या पट्टीवर पुन्हा तेच, आकडा आहे तसा ठेवून एक्सफॅट. विंडोजची ही खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही, तुमचा भाग २० चाच असल्याने अडचण नाही.

गाण्यांचा भाग पहिलाच हवा. स्टिरिओ, टीव्ही, स्वस्तातले प्लेअर बहुधा पहिल्या भागाच्या पुढे बघतच नाहीत. आणि भागांची नोंद ठेवणारा तक्ता एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचा ठेवा. नव्या पद्धतीचा जीपीटी केलंत तर पीसी खूश, स्टिरिओ गप्प.

'डिलीट व्हॉल्यूम' मिळालं नाही किंवा 'राइट प्रोटेक्टेड' आलं तर आधी अ‍ॅडॉप्टरच्या बाजूची छोटी खिटी बघा, ती 'लॉक' कडे सरकलेली असते. खिटी ठीक असून कार्ड लिहू देत नसेल, आणि दुसऱ्या रीडरमध्येही तसंच होत असेल, तर बहुधा कार्डाचं आयुष्य संपलंय. डेटा काढून घ्या आणि कार्ड फेकून द्या, त्यावर कमांडी मारत बसू नका.

बिंदूचौक_०७
यूट्यूबवर सगळे डिस्कपार्टमधली (विंडोजचं कमांडी टाकून चालणारं साधन) 'क्लीन' सांगतात, त्याबद्दल एक सांगतो. ती 'नक्की का?' असं विचारत नाही. एंटर दाबला की निवडलेल्या डिस्कवरचा भागांचा तक्ता गेला. वरच्या पद्धतीने काम होत असेल तर तिकडे फिरकू नका. अगदीच वापरायची वेळ आली तर 'सिलेक्ट डिस्क' नंतर पुन्हा एकदा 'लिस्ट डिस्क' द्या. निवडलेल्या ओळीपुढे फुलीसारखी चांदणी दिसते, ती ५९ जीबीवाल्या ओळीपुढेच आहे ना, ते बघा आणि मगच पुढे जा.

पीसीला यूपीएस नसेल तर हे काम लॅपटॉपवर करा. लिहिता लिहिता लाइट गेली तर एक्सफॅटचा भाग जास्त दगा देतो. फॅट३२ मध्ये कोणती फाइल कुठल्या जागेत आहे त्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये सहसा एकच.

शाहूपुरीकर
लय भारी! टेस्टमध्ये कार्ड पास झालं. आवृत्ती २२एच२ निघाली. दोन भाग झाले, पीसीवर दोन वेगळी ड्राइव्ह अक्षरं दिसतात, गाडीत गाणी वाजली. पण पुतण्याच्या विंडोज ७ च्या लॅपटॉपला लावलं तर फक्त गाणी दिसतात, व्हिडिओ गायब. गेले का?

पेठेतला_तारकरी
गेले नाहीत. विंडोज ७ मध्ये १७०३ च्या आधीचीच गत, दुसरा भाग तिथे दिसणार नाही. त्या लॅपटॉपवर कार्डाला हात लावू नका, फॉरमॅट तर नकोच. मोबाइलमध्ये घालतानाही तेच. बरेच अँड्रॉइड फोन दुसरा भाग दाखवत नाहीत, आणि काही फोन 'कार्ड सेट अप करा' म्हणून मागे लागतात. तिथे 'इंटर्नल स्टोरेज' निवडलंत तर फोन सगळं कार्ड पुसतो, कूटबद्ध करतो आणि मग ते दुसरीकडे कुठेही वाचता येत नाही. सीसीटीव्ही किंवा कॅमेऱ्यातलं 'फॉरमॅट' बटण दाबलं की काही यंत्रं दोन्ही भाग मोडून एकच करतात.

राजारामपुरी_५वी_गल्ली
थोडं वेगळं मत. भाग पाडले म्हणून व्हिडिओ सुरक्षित झाले असं समजू नका. एका शेतात बांध घातला म्हणून विहिरी दोन होत नाहीत. आतली चिप आणि कंट्रोलर एकच. तो गेला की गाणी आणि व्हिडिओ एकदमच गेले. शिवाय उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कार्ड चांगलंच तापतं. माझं म्हणणं, स्टिरिओसाठी १६ किंवा ३२ चं वेगळं कार्ड घ्या. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ मध्येच येतात, भाग पाडायची कटकटच नाही. यात्रेचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा.

शाहूपुरीकर
पटलं, ३२ चं घेतो. मग हे ६४ चं परत एकसंध कसं करायचं?

पेठेतला_तारकरी
व्हिडिओ आधी बाहेर काढा, दोनचार मधूनच उघडून बघा, नुसता आकार जुळला म्हणून भागत नाही. मग एसडी असोसिएशनचं 'एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर' फुकट मिळतं, ते चालवा. ते पूर्ण कार्ड एकाच भागात, एक्सफॅटमध्ये करून देतं. 'क्विक' पुरेसं आहे. ड्राइव्ह अक्षर निवडताना तेवढं नीट बघा.